लाल डागापासून हाडापर्यंत : दंतमूलपेशी आणि वनस्पतिजन्य रेणू या विषयाची प्रस्तावना

काढलेली अक्कलदाढ एरवी दवाखान्याच्या कचऱ्यात जाते. तीच दाढ निर्जंतुक द्रावणातून प्रयोगशाळेत आणली, फोडून आतला मऊ गर वेगळा केला आणि विकरांच्या मदतीने तो सैल केला, तर प्लास्टिकच्या डिशच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी हाती लागतात. योग्य द्रवमाध्यमात तीन आठवडे ठेवल्या की या पेशी आपल्याभोवती कॅल्शियमचे क्षार साठवू लागतात. त्या माध्यमात एखाद्या वनस्पतीतला रेणू अगदी थोडा मिसळला, तर हे साठवणे कधी वाढते, कधी मंदावते, कधी काहीच फरक पडत नाही. शेवटी डिशमध्ये एक रंग ओततात. जिथे कॅल्शियम आहे तिथे लाल डाग उमटतो, आणि त्या डागाची गडदता मोजून निष्कर्ष लिहिला जातो. दंतमूलपेशी, वनस्पतिजन्य संयुगे आणि अस्थिनिर्मिती या तिन्हींना जोडणारे आजचे संशोधन बहुतांशी या एका प्रयोगाच्या आधाराने उभे आहे.

या क्षेत्रात माणसे तीन दारांनी येतात. दंतवैद्य येतो तो हिरड्यांच्या आजाराने झिजलेले किंवा दात काढल्यावर खचलेले जबड्याचे हाड परत कसे मिळवावे या प्रश्नासह. पेशीवैज्ञानिकाला मूलपेशी कोणत्या इशाऱ्यावर कोणती वाट धरते हे जाणायचे असते. वनस्पतींचे रसायनशास्त्र किंवा आयुर्वेद शिकलेला अभ्यासक येतो तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या मुळ्या, साली, पाने यांच्यात नेमके काय आहे हे शोधत. तिघांचेही स्वागत आहे. मात्र प्रत्येकाला उरलेल्या दोघांची भाषा अर्धीमुर्धीच येते, आणि चुका बहुधा तिथेच होतात. म्हणून सुरुवातीलाच माझे म्हणणे सांगून टाकतो. डिशमधला लाल डाग आणि तोंडात घासाचा भार पेलणारे हाड यांच्यात मोठे अंतर आहे. ते अंतर टप्प्याटप्प्याने, प्रामाणिकपणे मोजणे हेच या क्षेत्रातले खरे काम. पुढची पाने त्या टप्प्यांची ओळख करून देण्यासाठी आहेत.

रंग आणि माध्यम

लाल डागाचा इतिहासही वनस्पतीपासूनच सुरू होतो. १७३६ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक जॉन बेल्शियर यांनी रॉयल सोसायटीला एक निरीक्षण कळवले. कापडछपाईच्या कामात वापरलेला, मॅडर या वनस्पतीच्या मुळांचा रंग मुरलेला कोंडा काही डुकरांना खाऊ घातला होता. त्या डुकरांची हाडे लाल निघाली, मांसाचा रंग मात्र नेहमीचाच होता. मॅडर आणि आपली मंजिष्ठा एकाच रुबिया प्रजातीतल्या. पुढे फ्रान्समध्ये द्युहामेल द्यु मोन्सो यांनी जनावरांना काही काळ मॅडर देऊन, मग थांबवून, पुन्हा देऊन त्यांची हाडे तपासली. हाडात लाल आणि पांढरे थर आलटून पालटून दिसले. रंग बसत होता तो त्या त्या वेळी नव्याने घडणाऱ्या हाडावर. हाड जाडीत कसे वाढते याचा पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा असा एका मुळीने दिला.

मॅडरमधला मुख्य रंग अलिझरिन. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि काही वर्षांतच युरोपातली मॅडरची शेती मोडीत निघाली. अलिझरिनचे पाण्यात विरघळणारे रूप, अलिझरिन रेड एस, आज जगभरच्या पेशी-प्रयोगशाळांत कॅल्शियम दाखवण्यासाठी वापरतात. द्युहामेल यांच्या प्रयोगातला रंग जिवंत जनावराच्या घडत्या हाडात बसत होता. आपल्या डिशमधला रंग फक्त एवढेच सांगतो की इथे कॅल्शियम आहे. ते हाडातले आहे, दातातल्या डेंटिनमधले आहे, की मेलेल्या पेशींवर नुसतेच साचलेले आहे, हे तो सांगत नाही.

आता माध्यमाकडे वळू. मूलपेशींना हाडाच्या वाटेवर नेणाऱ्या प्रचलित माध्यमात तीन खास घटक असतात : जीवनसत्त्व क, डेक्सामेथासोन आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. जीवनसत्त्व क नसेल तर कोलॅजनच्या साखळ्यांवर आवश्यक ते रासायनिक बदल होत नाहीत आणि हाडाचा मूळ सांगाडाच कच्चा राहतो. स्कर्व्हीमध्ये हिरड्या सुजतात, दात हलू लागतात, त्यामागेही हेच कारण. माणसाला हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, ते मुख्यतः वनस्पतींकडून घ्यावे लागते. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड. पण स्टेरॉइड औषधांचा उद्योगच मुळी १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांच्या कामामुळे मेक्सिकोतल्या रानकंदांमधल्या डायोसजेनिन या द्रव्यावर उभा राहिला. तिसरा घटक फॉस्फेट पुरवतो. पेशींवरचे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर ते फॉस्फेट मोकळे करते आणि कॅल्शियमशी त्याची गाठ पडते.

याचा अर्थ असा की आपण अभ्यासाचा रेणू घालण्याआधीच डिशमध्ये हाडाकडे ढकलणारे तीन हात काम करत असतात. आमटीत मीठ आधीच पडलेले असताना वरून टाकलेल्या चिमटीची चव वेगळी काढणे जितके अवघड, तितकेच त्या रेणूचे श्रेय वेगळे काढणे अवघड. म्हणून कोणताही शोधनिबंध हाती घेतला की पहिला प्रश्न विचारायचा : तुलना कशाशी केली आहे? साध्या माध्यमाशी, पूर्ण अस्थिजनक माध्यमाशी, की डेक्सामेथासोन वगळलेल्या माध्यमाशी? रेणू ज्या द्रावकात विरघळवला, बहुधा डीएमएसओमध्ये, तेवढाच द्रावक नियंत्रण गटातही घातला होता का? फॉस्फेटची मात्रा जास्त असेल तर हाडाचा सांगाडा नसतानाही क्षार आपोआप साचू शकतात, त्याची तपासणी झाली का?

दातातल्या पेशी

मूलपेशींची ही गोष्ट दातात सुरू झाली नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी दाखवले की अस्थिमज्जेत काही मोजक्या पेशी अशा असतात की त्यातली एकेक पेशी डिशच्या तळाला चिकटून स्वतःची वसाहत करते, आणि त्या वसाहतीतल्या पेशी परत शरीरात रोवल्या तर हाड बनवतात. दातात अशाच पेशी आहेत का, या प्रश्नाचे उत्तर २००० साली मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रोन्थोस, सोंगताओ शी आणि सहकाऱ्यांनी अक्कलदाढेच्या गरातून मूलपेशी वेगळ्या केल्या. २००३ मध्ये शी यांच्याच गटाने पडलेल्या दुधाच्या दातांतूनही त्या मिळवल्या. एका दातातून अशा साधारण १२ ते २० पेशी हाती आल्या, पण त्या झपाट्याने वाढल्या. २००४ मध्ये दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंमधून, म्हणजे पेरिओडॉन्टल लिगामेंटमधून, आणि २००६ मध्ये अजून पुरे न वाढलेल्या मुळाच्या टोकापासून अशाच पेशी मिळाल्या.

जबड्याचे हाड आणि दातांमधल्या या पेशी यांचे गर्भातले मूळ बरेचसे एकच आहे. चेहऱ्याचा मोठा भाग ज्या न्यूरल क्रेस्ट पेशींपासून घडतो, त्यांचीच ही संतती. मांडीच्या किंवा कंबरेच्या हाडाचे मूळ वेगळे. जबड्यासाठी दातातल्या पेशी वापराव्यात या विचाराला त्यामुळे जैविक आधार आहे. शिवाय अक्कलदाढ काढताना ऊतक मिळते ते वेगळी शस्त्रक्रिया न करता. अस्थिमज्जा काढण्यासाठी कंबरेच्या हाडात सुई खुपसावी लागते, ते इथे टळते.

पण पायाभरणीचे २००० आणि २००३ चे दोन निबंध नीट वाचले तर उत्साहाला लगाम बसतो. २००० च्या प्रयोगात गरातल्या पेशी सिरॅमिकच्या कणांसह उंदरांच्या त्वचेखाली ठेवल्या तेव्हा डेंटिन आणि गरासारखी रचना तयार झाली. त्याच प्रयोगात तुलनेसाठी घेतलेल्या अस्थिमज्जेच्या पेशींनी मात्र खरे हाड बनवले, आत मज्जेसकट. २००३ च्या प्रयोगात दुधाच्या दातातल्या पेशी स्वतः अस्थिजनक पेशी झाल्या नाहीत. त्यांनी उंदराच्या शरीरातल्या पेशींना बोलावून त्यांच्याकडून हाड करवून घेतले. म्हणजे डिशमध्ये तिन्ही पेशी लाल डाग देऊ शकतात, पण शरीरात एक डेंटिनकडे जाते, एक हाड बनवते आणि एक दुसऱ्याकडून बनवून घेते. वनस्पतीतला रेणू यांपैकी कोणत्या क्रियेला चालना देतो, हा प्रश्न त्यामुळे आपोआपच उभा राहतो. उत्तरासाठी डेंटिनशी निगडित डीएसपीपी जनुक आणि हाडाशी निगडित खुणा दोन्ही मोजाव्या लागतात. अनेक निबंधांत फक्त दुसऱ्याच मोजलेल्या असतात.

पेशींची ओळख पटवण्याची किमान कसोटी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय पेशीउपचार संघटनेने ठरवून दिली : पेशी प्लास्टिकला चिकटाव्यात, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ ही चिन्हे असावीत, रक्तपेशींची चिन्हे नसावीत, आणि त्या हाड, कूर्चा व मेद या तिन्ही वाटांनी जाऊ शकाव्यात. ही कसोटी पार केली म्हणजे सगळ्या पेशी एकसारख्या झाल्या असे मात्र नाही. दात कोणाचा, त्याचे वय किती, दाताला कीड होती का, पेशी डिशमध्ये किती वेळा पुढच्या पिढीत नेल्या, या प्रत्येक गोष्टीने निकाल बदलतो. एकाच व्यक्तीच्या पेशींवर तीनदा केलेला प्रयोग आणि तीन व्यक्तींच्या पेशींवर एकेकदा केलेला प्रयोग यांचे वजन सारखे नसते.

हाड घडते कसे

पेशी हाडाच्या वाटेला लागते तेव्हा आत एक सूत्रधार प्रथिन जागे होते, त्याचे नाव रनएक्स२. १९९७ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत कूर्चेचा सांगाडा तयार झाला, पण हाड असे बनलेच नाही. त्यानंतर ऑस्टेरिक्स हे प्रथिन येते. या सूत्रधारांना हुकूम देणारे संदेशमार्ग अनेक, त्यांतले बीएमपी आणि विंट हे दोन मार्ग वाचकाला पानोपानी भेटतील. पुढे पेशी कोलॅजन विणते. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अल्कलाइन फॉस्फटेज वाढते. शेवटी ऑस्टिओकॅल्सिनसारखी प्रथिने दिसू लागतात आणि क्षार साठतात.

या क्रमामुळेच वेळ महत्त्वाची ठरते. सातव्या दिवशी विकर वाढलेले दिसले म्हणून एकविसाव्या दिवशी क्षार वाढतीलच असे नाही. एखादा रेणू सुरुवातीला पेशींची संख्या वाढवतो, त्यामुळे शेवटी क्षार जास्त दिसतात. पण दर पेशीमागे हिशेब केला तर काहीच वाढ नसते. म्हणून एका खुणेवर न थांबता जनुक, प्रथिन, कोलॅजन, क्षार आणि त्या क्षारांची स्फटिकरचना अशी साखळी तपासावी लागते. त्यापुढे प्राण्याच्या शरीरातली परीक्षा : उंदराच्या कवटीत आपोआप न भरणारे भोक पाडून तिथे पेशी, आधारद्रव्य आणि रेणू ठेवणे, आणि मग भरलेली जागा खरोखर हाडाने भरली का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे.

वनस्पतींतले रेणू

या क्षेत्रात ज्या संयुगांचा अभ्यास जास्त झाला त्यांची ढोबळ वर्गवारी करता येते. पहिला गट स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य असलेल्यांचा : सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन. इस्ट्रोजेनच्या ग्राही प्रथिनांना ती चिकटतात, आणि इस्ट्रोजेन कमी झाले की हाडे झिजतात हे आपण जाणतोच. दुसरा गट पूर्व आशियाच्या औषधपरंपरेतून आलेला. एपिमेडियम या वनस्पतीतले इकारिन आणि ड्रायनॅरिया या नेच्यातले नॅरिंजिन ही त्यातली ठळक नावे. नॅरिंजिन आपल्यालाही अनोळखी नाही, पपनसाच्या सालीचा कडूपणा बराचसा त्याचाच. तिसरा गट पॉलिफेनॉलांचा : कांद्यातले क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतले रेझव्हेराट्रॉल, हिरव्या चहातले ईजीसीजी, हळदीतले कर्क्युमिन. दारुहळदीतले बर्बेरिन हे अल्कलॉइड यांच्या शेजारी बसवावे लागते.

हे रेणू नेमके काय करतात? काही बीएमपी किंवा विंट मार्गाला जोर देतात, काही पेशीतला ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करतात, काही दाह शमवतात. माझ्या मते दंतवैद्यकात तिसरी क्रिया सर्वांत मोलाची ठरू शकते. पायरियात हाड जाते ते जंतूंमुळे आणि त्यांना तोंड देताना शरीराने पेटवलेल्या दाहामुळे. दाहाच्या वातावरणात लिगामेंटमधल्या मूलपेशींची हाड बनवण्याची क्षमता मंदावते. निरोगी पेशीला आणखी जोर देणाऱ्या रेणूपेक्षा दबलेल्या पेशीला मोकळे करणारा रेणू रुग्णाच्या जास्त उपयोगाचा. पण बहुतेक प्रयोग निरोगी पेशींवर, दाह नसलेल्या डिशमध्ये होतात.

भारतातल्या कामाकडे पाहिले तर हाडजोड किंवा कांडवेल या नावांनी ओळखली जाणारी, चौकोनी खोडाची वेल, सिसस क्वाड्रँग्युलॅरिस, आधी समोर येते. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांमधल्या अस्थिभंगावर तिचा अभ्यास केला. मोडलेले हाड किती ताण सोसते हे त्यांनी मोजले, आणि किरणोत्सारी कॅल्शियम-४५ वापरून नव्या हाडात कॅल्शियम कसे येते तेही पाहिले. साठ वर्षांपूर्वीचा तो अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात हाडाची ताकद थेट मोजली होती. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नंतर पळस, शिसू यांसारख्या झाडांमधून हाडांवर परिणाम करणारी संयुगे वेगळी काढण्याचे काम झाले.

अर्क आणि रेणू यांतला भेद इथे लक्षात घ्यावा. अर्कात शेकडो द्रव्ये असतात. ऋतू, माती, झाडाचे वय, सुकवण्याची आणि काढण्याची रीत यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. म्हणून अर्कावर काम करणाऱ्याने आधी वनस्पतीची ओळख पक्की करावी आणि नमुना एखाद्या मान्य वनस्पतिसंग्रहात जमा करावा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र ही आपल्याकडची नामवंत ठिकाणे. त्यानंतर अर्कातल्या एक-दोन मुख्य द्रव्यांचे प्रमाण मोजून दर वेळी तेच ठेवावे. याशिवाय केलेला प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करता येत नाही.

परंपरेचे वजन किती धरायचे हाही प्रश्न आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने लिखित पुरावे मांडले. त्या पुराव्यांनी हे सिद्ध झाले की हा वापर आपल्याकडे पूर्वापार आहे. हळदीने जखम किती लवकर भरते हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर चाचणीतूनच मिळते. हे दोन मुद्दे वेगळे ठेवले की परंपरेचा मानही राहतो आणि विज्ञानाची शिस्तही.

मोजमापातले सापळे

रंगीत रेणूंवर काम करणाऱ्याला रंगाची चाचणी फसवू शकते. अल्कलाइन फॉस्फटेज मोजताना तयार होणारे द्रव्य पिवळे असते आणि ४०५ नॅनोमीटरला वाचले जाते. कर्क्युमिनही पिवळेच, त्याचे शोषण सुमारे ४२५ नॅनोमीटरला सर्वाधिक. डिश नीट धुतली नाही तर यंत्र विकर मोजते आहे की हळद, हे कळणार नाही. पेशी जिवंत किती हे पाहण्याच्या एमटीटी चाचणीत जांभळा रंग येतो, पण काही पॉलिफेनॉल पेशी नसतानाही त्या रसायनाला जांभळे करतात. क्वेर्सेटिन धातूंच्या आयनांना स्वतःच पकडते. उपाय साधा आहे : पेशी न घालता, फक्त रेणू आणि चाचणीची रसायने घेऊन एक रिकामी ओळ प्रत्येक वेळी ठेवावी.

मात्रेचा सापळा याहून मोठा. डिशमध्ये १ ते १० मायक्रोमोलर एवढ्या मात्रेने मदत करणारा रेणू पाचपट-दहापट मात्रेला पेशी मारू शकतो. उलट, तोंडावाटे घेतल्यावर एवढीही मात्रा हाडापर्यंत पोहोचत नाही. आतड्यातले जंतू आणि यकृत मिळून नॅरिंजिनचे नॅरिंजेनिन करतात, डेडझीनचे काही माणसांत इक्वोल होते आणि काहींत होत नाही. कर्क्युमिन ग्रॅममध्ये दिले तरी रक्तात मुक्त स्वरूपात नाममात्र सापडते. २०१७ मध्ये कर्क्युमिनच्या रसायनशास्त्राचा कठोर आढावा घेणाऱ्या एका निबंधाने अस्थिरता, अल्प शोषण आणि चाचण्यांत खोटे होकार देण्याची प्रवृत्ती या तिन्हींवर बोट ठेवले. त्याआधी २००१ मध्ये इप्रिफ्लाव्होन या आयसोफ्लाव्होनच्या घराण्यातल्या कृत्रिम रेणूची ४७४ स्त्रियांवर चाचणी झाली. रजोनिवृत्तीनंतरची हाडांची झीज त्याने थांबली नाही, काहींच्या रक्तातल्या लसिकापेशी मात्र कमी झाल्या. पेशींमधला आणि प्राण्यांमधला आश्वासक पुरावा माणसात टिकेलच असे नाही, हे या चाचणीने दाखवून दिले.

मग या क्षेत्राला भवितव्य आहे का? आहे, आणि त्याचे कारण दंतवैद्यकाच्या स्वरूपातच आहे. दंतवैद्याला औषध पोटातून पाठवायची गरज नसते. जबड्यातली पोकळी त्याच्या डोळ्यांसमोर असते. कोलॅजन, कायटोसान किंवा कॅल्शियम फॉस्फेटच्या आधारद्रव्यात रेणू भरून तो जागेवरच ठेवता येतो आणि हळूहळू सोडता येतो. आतडे आणि यकृत यांचा अडथळा तिथे उरत नाही. या वाटेवरचा जुना प्रवासी आहे बीएमपी-२ हे प्रथिन. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये हाडातच हाड घडवणारे काही आहे हे दाखवले, त्यातून हे प्रथिन पुढे आले, आणि २००७ पासून अमेरिकेत ते जबड्यासाठी मान्य आहे. ते प्रभावी आहे, पण महाग. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर जीवघेणी सूज आल्याच्या घटनांबद्दल तिथल्या औषध प्रशासनाला २००८ मध्ये इशाराही द्यावा लागला. स्वस्त, टिकाऊ, लहान रेणूंची गरज तिथून स्पष्ट होते. वनस्पतींतल्या रेणूंनी ही स्पर्धा साध्या माध्यमाशी न करता बीएमपी-२ शी करावी, म्हणजे त्यांची खरी किंमत कळेल.

माणसापर्यंत पोहोचताना

इटलीतल्या नेपल्सच्या गटाने २००९ मध्ये अक्कलदाढेच्या गरातल्या पेशी कोलॅजनच्या स्पंजवर ठेवून रुग्णांच्या जबड्यात रोवल्याचे प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत हाड भरलेले दिसले. तीन वर्षांनी त्याच जागेची तपासणी झाली तेव्हा तिथले हाड एकसंध, घट्ट निघाले. त्या जागी नैसर्गिकरीत्या असते ते जाळीदार हाड. हाड आले, पण तिथले मूळ हाड आले नाही. २०१६ मध्ये चीनमध्ये झालेल्या नियंत्रित चाचणीत पायरियाने खचलेल्या जागी एका गटाला फक्त हाडाचा पर्यायी पदार्थ दिला आणि दुसऱ्या गटाला त्यासोबत लिगामेंटमधल्या मूलपेशीही दिल्या. दोन्ही गटांत सुधारणा झाली, फरक मात्र लक्षणीय आला नाही. पेशींपासून अपाय झाला नाही ही त्यातली मोलाची माहिती.

वनस्पतींतले रेणू इथे उपयोगी पडतील का, हा प्रश्न आता नेमका मांडता येतो. नेपल्सच्या अनुभवात उणीव हाडाच्या प्रकाराची होती, चीनच्या चाचणीत पेशींच्या अतिरिक्त लाभाची. या दोन उणिवांपैकी एकीवर तरी काम करणारा रेणू शोधणे हे नुसता डाग गडद करण्यापेक्षा वरच्या पायरीचे उद्दिष्ट आहे.

भारतात काम करणाऱ्याने कायद्याची चौकटही जाणून घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक साठवणुकीला परवानगी होती ती फक्त नाळेतल्या रक्ताच्या; दाताच्या गरासारख्या इतर ऊतकांच्या व्यापारी साठवणुकीला मनाई होती. मुलांचे पडलेले दात भविष्यासाठी जपून ठेवा, असे सांगणाऱ्या जाहिराती वाचताना पालकांनी हे ध्यानात ठेवावे. संशोधनासाठी दाढ घेतानाही रुग्णाची लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता लागतेच. वनस्पतींसाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे.

मराठी विद्यार्थ्याला या विषयासाठी फार लांब जावे लागत नाही. पुण्यातले नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स पेशीसंवर्धनाचे देशातले एक मुख्य केंद्र आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन यांचे नाव फ्लाव्होन तयार करण्याच्या एका रासायनिक अभिक्रियेला जोडलेले आहे, बेकर-वेंकटरामन पुनर्रचना. क्वेर्सेटिन आणि इकारिन ज्या मोठ्या घराण्यातले आहेत त्याच घराण्याचे हे रसायनशास्त्र. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत अक्कलदाढा रोज निघतात. साधने आहेत, माणसे आहेत. एका टेबलाभोवती दंतवैद्य, पेशीवैज्ञानिक आणि वनस्पतितज्ज्ञ यांना बसवणे एवढेच बाकी असते.

नव्याने येणाऱ्याला माझा सल्ला असा. वाचनाची सुरुवात आढाव्यांपासून करू नका. २००० आणि २००३ चे दोन मूळ निबंध आधी वाचा. मग अलीकडचा कोणताही एक निबंध घ्या आणि त्याला सहा प्रश्न विचारा. पेशी किती जणांच्या? रेणू शुद्ध होता का, अर्क असेल तर प्रमाणित होता का? मात्रा किती, आणि ती जागेवर मिळणे शक्य आहे का? तुलना कशाशी? डेंटिन आणि हाड वेगळे ओळखले का? प्राण्यात जे भरले ते कोणत्या प्रकारचे हाड होते? सहाही उत्तरे मिळणारे निबंध थोडे आहेत, म्हणून या क्षेत्रात नव्या माणसाला जागा आहे. अनेक व्यक्तींच्या पेशींवर इकारिन, नॅरिंजिन आणि बीएमपी-२ यांची समोरासमोर तुलना, तीही दाहाच्या वातावरणात, एवढा प्रयोग नीट केला तरी पदव्युत्तर प्रबंध उभा राहतो. निकाल नकारार्थी आला तर तोही छापा. पुढच्याची वर्षे वाचतील.